शाळा निवडावी की घडवावी?





रविवारी सकाळी आपला मराठी वर्ग सुरू झाला की आम्ही पालक मंडळी बाहेर व्हरांड्यात उभी राहतो. आत मुले बाराखडी गिरवत असतात आणि बाहेर थर्मासमधला चहा फिरत असतो. एरवी आमच्या गप्पांचे विषय ठरलेले असतात: भारताची विमानतिकिटे, क्रिकेट, घराच्या कर्जाचे हप्ते. पण एप्रिल संपत आला, पुढील वर्षाची नावनोंदणी सुरू व्हायची वेळ आली, की बाकीचे विषय मागे पडतात आणि एकच प्रश्न उरतो, "मग, पुढच्या वर्षी कुठली शाळा?"

"आमच्या भागातली शाळा काही फारशी बरी नाही म्हणतात हो."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात!"

यंदा हा प्रश्न आपल्या वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. वरिष्ठ गटातील तीन मुलांनी या सत्रात मराठी वर्ग सोडला. त्यांच्या आईवडिलांनी कारण मोकळेपणाने सांगितले. फी भरायच्या शाळांच्या शिष्यवृत्ती परीक्षेची शिकवणी नेमकी रविवारी सकाळी असते. एका कुटुंबाने तर सिडनीला बिऱ्हाड हलवून तिथल्या सिलेक्टिव्ह शाळेसाठी प्रयत्न करायचे ठरवले आहे. कुणालाही नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आम्ही स्वतः या वाटेने जाऊन परत आलो आहोत. आमचा धाकटा यंदा सहावीत आहे, म्हणजे हायस्कूलचा निर्णय आमच्याही डोक्यावर आहे. त्या वाटेवर जे दिसले ते इतरांना सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी थोरल्या मुलीची गोष्ट सांगतो. नऊ वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून गुंगालिनला आलो. भाड्याने घर घेतले आणि पहिल्याच महिन्यात 'माय स्कूल' हे सरकारी संकेतस्थळ उघडले. २०१० सालापासून देशातल्या शाळांचे नॅपलान चाचणीचे निकाल तिथे पाहायला मिळतात. घरात दोघेही संगणक क्षेत्रातले, मग काय विचारता! एका रात्रीत तक्ता तयार झाला. शाळेचे नाव, वाचनाचे गुण, गणिताचे गुण, अंतर, फी. गुणांच्या रकान्यावर तक्ता उतरत्या क्रमाने लावला आणि दुसऱ्या दिवशी वरच्या तीन शाळांना फोन केले. घराजवळची सरकारी शाळा तक्त्यात मधोमध होती. ती घरापासून चालत सहा मिनिटांवर होती. तिथे आम्ही पाऊलही टाकले नाही.

मुलगी तिसरीत होती. सकाळी सात वाजता ती गाडीत बसायची आणि संध्याकाळी साडेपाचला घरी यायची. शाळा चांगली होती, शिक्षक मायाळू होते, तक्रारीला जागा नव्हती. पण तिच्या नवव्या वाढदिवसाला मुले बोलवायची म्हटल्यावर लक्षात आले की आपल्या रस्त्यावरचे एकही मूल तिला ओळखत नाही आणि शाळेतल्या मैत्रिणी शहराच्या चार कोपऱ्यांत राहतात. पाचवीतला नॅपलानचा कागद आला तेव्हा आम्ही तो तिसरीतल्या कागदाशेजारी ठेवून पाहिला. इतर मुलांच्या तुलनेत ती तिसरीत जिथे होती, तिथेच पाचवीत होती. पुढे घराचे कर्ज आणि फी ही दोन ओझी एकत्र झेपेनात, म्हणून सहावीला तिला घराजवळच्या त्याच शाळेत घातले. आमचे मन खट्टू झाले होते. ती मात्र पहिल्याच आठवड्यात तीन मैत्रिणींना घेऊन घरी आली. अभ्यास जसा चालला होता तसाच चालू राहिला. आता ती बारावीत आहे.

एका मुलीच्या उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे आम्हाला कळते. म्हणूनच नंतर आम्ही या विषयावर बरेच वाचन केले. तेव्हा आमच्या त्या सुंदर तक्त्यात चूक कुठे होती ते उमगले. गंमत म्हणजे ती चूक आम्ही आमच्या लहानपणीच पाहिली होती.

आमच्या शाळेत सातवीच्या गुणांवरून आठवीच्या तुकड्या पाडत असत. हुशार मुले 'अ' तुकडीत, त्याखालोखाल 'ब', आणि उरलेली 'क' नि 'ड'मध्ये. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेत हेच असणार. दहावीला 'अ' तुकडीचा निकाल शंभर टक्के लागायचा आणि स्नेहसंमेलनात तिच्या वर्गशिक्षकांना नारळ आणि शाल मिळायची. 'ड' तुकडीला गणित शिकवणाऱ्या सरांनी नापासाच्या काठावरची कितीतरी मुले ओढून पार केली, पण त्यांचा सत्कार झाल्याचे आम्हाला आठवत नाही. मुले मुळातच हुशार घेतली तर निकाल चांगला लागणारच. त्यात शिकवण्याचा वाटा किती, हे नुसत्या निकालावरून कळत नाही.

आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर असे. एक प्रोग्राम नव्या कोऱ्या वेगवान संगणकावर चालवला आणि दुसरा दहा वर्षांच्या जुन्या संगणकावर. पहिला लवकर संपला म्हणून तो जास्त चांगला लिहिलेला आहे, असे आमच्या कचेरीत कोणी म्हटले तर लोक हसतील. घरी बसून शाळांचा तक्ता करताना मात्र आम्ही नेमके हेच केले होते.

'माय स्कूल'वर प्रत्येक शाळेच्या नावासमोर आणखी एक आकडा असतो. त्याला 'इक्सिया' म्हणतात. आईवडिलांचे शिक्षण आणि व्यवसाय, शाळा शहरात आहे की दूर खेड्यात, अशा गोष्टींवरून तो काढतात आणि त्याची सरासरी १००० धरतात. तशाच घरांतून आलेल्या देशभरातल्या मुलांशी तुलना करता ही शाळा कुठे आहे, हेही तिथेच पाहता येते. तो रकाना आम्ही तक्त्यात घेतलाच नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिझा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. तिच्यातही ऑस्ट्रेलियात हेच दिसत आले आहे. वरवर पाहता फी घेणाऱ्या शाळांतील मुले पुढे दिसतात. पण मुलांच्या घरची आणि शाळेतल्या एकंदर मुलांची सांपत्तिक, शैक्षणिक स्थिती हिशोबात धरली की सरकारी, कॅथलिक आणि स्वतंत्र शाळांमधला फरक जवळजवळ मिटतो. शाळाशाळांमध्ये जितका फरक असतो, त्याहून जास्त फरक एकाच शाळेतल्या मुलामुलांमध्ये असतो.

आता कुणी म्हणेल, "अहो, पण आवडीची शाळा निवडायचा हक्क असणं चांगलंच की!" त्यासाठी हे धोरण कुठून आले ते थोडक्यात पाहू. यातला एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या अगदी जवळ, सिडनीच्या वाटेवरच्या गोलबर्नमध्ये घडला. १९६२ साली तिथल्या एका कॅथलिक शाळेला आरोग्य खात्याने जादा स्वच्छतागृहे बांधायला सांगितले. शाळेकडे पैसे नव्हते, आणि तेव्हा अशा शाळांना सरकारी मदत मिळत नसे. निषेध म्हणून जुलै महिन्यात गावातल्या कॅथलिक शाळा बंद ठेवण्यात आल्या आणि शेकडो मुले सरकारी शाळांच्या दारात नाव घालायला उभी राहिली. सरकारी शाळांत सर्वांना पुरेल एवढी जागाच नव्हती. हा 'संप' एक आठवडा टिकला, पण देशभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, पंतप्रधान मेंझिस यांनी खाजगी शाळांनाही विज्ञान प्रयोगशाळांसाठी केंद्राचे पैसे देण्याचे आश्वासन दिले. १९७३ च्या कार्मेल अहवालानंतर ही मदत गरजेच्या तत्त्वावर कायमची झाली. आज ऑस्ट्रेलियातील एक तृतीयांशाहून जास्त मुले बिगरसरकारी शाळांत जातात, आणि त्या शाळांना फीबरोबर सरकारी अनुदानही मिळते. त्या गरीब शाळांची तेव्हाची मागणी रास्त होती, असेच आमचे मत आहे. प्रश्न पुढचा आहे. निवडीची सोय वाढली म्हणून मुले जास्त शिकतात का?

१९५५ साली अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी कल्पना मांडली की सरकारने पैसे शाळेला न देता पालकांच्या हाती द्यावेत. पालक चांगली शाळा निवडतील, वाईट शाळा सुधारतील किंवा बंद पडतील, दुकानांचे होते तसे. चिली देशाने १९८१ साली ही कल्पना सबंध देशात राबवली. बरीच मुले सरकारी शाळा सोडून खाजगी शाळांत गेली. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असे आढळले की देशाच्या सरासरी शिक्षणात त्यामुळे वाढ झाल्याचे दिसत नाही. दिसली ती विभागणी. बऱ्या परिस्थितीतली मुले आधी निघून गेली आणि गरीब मुले मागे राहिली. अखेर २०१५ साली चिलीने कायदा करून अनुदानित शाळांना मुले निवडून घ्यायला बंदी केली आणि त्यांची फीही टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले.

पण आमच्या मते सर्वांत चांगला पुरावा सोडतीचा आहे. एखाद्या शाळेला जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली अशी दोन्ही मुले सारख्याच उत्साही घरांतली असतात, फरक फक्त नशिबाचा. त्यामुळे ही तुलना आमच्या तक्त्यापेक्षा कितीतरी सरळ होते. शिकागो शहरातील हायस्कुलांच्या अशा सोडतींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठी लागून 'चांगल्या' शाळेत गेलेल्या मुलांचे गुण, न लागलेल्या मुलांपेक्षा वाढले नाहीत. मात्र शिस्तीच्या आणि पोलिसांच्या भानगडीत ती मुले कमी सापडली, हेही त्यात नोंदले आहे.

आपल्याकडचा, म्हणजे तेव्हा महाराष्ट्राला लागून असलेल्या आंध्र प्रदेशातला प्रयोग तर याहून बोलका आहे. २००८ पासून चार वर्षे तिथल्या १८० गावांत सोडत काढून सरकारी शाळांतील काही मुलांना खाजगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली गेली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. तेलुगू आणि गणितात खाजगी शाळेत गेलेली मुले आणि न गेलेली मुले बरोबरीचीच निघाली. हिंदीत मात्र खाजगी शाळेतली मुले पुढे होती, कारण सरकारी शाळेत त्या वर्गांना हिंदी शिकवतच नव्हते. हेही सांगितले पाहिजे की खाजगी शाळा तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देऊन, आणि दर मुलामागे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी खर्चात, ही बरोबरी साधत होत्या. तेव्हा सरकारी शाळेत सगळे आलबेल आहे असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की नुसती शाळा बदलल्याने मूल हुशार होत नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात चार्टर नावाच्या, सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा आहेत. तिथे सोडतीत नंबर लागलेल्या, बहुतांशी गरीब घरच्या मुलांची खरोखरच मोठी प्रगती झाल्याचे २०११ च्या अभ्यासात दिसले. या शाळांत दिवस मोठा असतो, मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवतात, शिक्षकांवर सतत लक्ष असते. म्हणजे तिथे मुलांच्या वाट्याला वेगळे शिकवणे आले, आणि तेही अशा मुलांच्या, ज्यांना घरी अभ्यास घेणारे फारसे कोणी नव्हते. याच शहरातल्या, आणि न्यूयॉर्कच्याही, प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित शाळांचा अभ्यास २०१४ साली झाला. कटऑफच्या थोडे वर असल्याने आत गेलेली मुले आणि थोडक्यात हुकून बाहेर राहिलेली मुले, पुढे दोघांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही.

सिलेक्टिव्ह परीक्षेची तयारी करणाऱ्या घरांनी या शेवटच्या गोष्टीवर जरूर विचार करावा. न्यू साउथ वेल्समध्ये सातवीच्या चार हजारांच्या आसपास सिलेक्टिव्ह जागांसाठी पंधरा हजारांहून जास्त मुले परीक्षेला बसतात. म्हणजे बहुतेक मुलांच्या वाट्याला, अकरा-बारा वर्षांच्या वयात, 'तुझा नंबर लागला नाही' हेच वाक्य येते. आपल्या एसीटीत तर सरकारी सिलेक्टिव्ह शाळाच नाही. दहावीनंतर सगळ्यांना कॉलेजात जायचे असते, आणि बारावीला आपल्याकडच्या बोर्डासारखी एकच मोठी अंतिम परीक्षाही नसते. ज्या शर्यतीची इथे गरज नाही, ती आपणच गावाहून सामानात बांधून आणली आहे, असे कधीकधी वाटते.

मग गुंगालिनमधला खरा प्रश्न कोणता? आमच्या मते तो जागेचा आहे. एसीटीत प्रत्येक मुलाला आपल्या भागातल्या सरकारी शाळेत हक्काने प्रवेश मिळतो. दुसऱ्या भागातली शाळा हवी असेल तर तिथे जागा शिल्लक असावी लागते. गुंगालिन इतके भराभर वाढले की इथल्या कित्येक शाळांत ती राहिलीच नाही. २०११ साली गुंगालिन कॉलेज झाले. त्यानंतर २०१९ ला टेलरमध्ये मार्गारेट हेन्ड्री स्कूल, २०२२ ला थ्रॉस्बी स्कूल, २०२३ ला केनीमध्ये शर्ली स्मिथ हायस्कूल. शाळा उघडते तोवर आजूबाजूला नवी घरे उभी राहिलेली असतात. अशा ठिकाणी कागदावरचे निवडस्वातंत्र्य कुणाच्या उपयोगी पडते? ज्यांना फी परवडते, किंवा ज्यांना हव्या त्या भागात घर घेता येते, त्यांच्या. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, गाडी एकच असलेल्या घराला जवळची शाळा हीच एक शाळा असते. ती चांगली असणे हे त्यांच्या मुलाच्या दृष्टीने सर्व काही असते.

मुले निघून गेली की काय होते, हेही कॅनबराने पाहिले आहे. २००६ साली एसीटी सरकारने ३९ सरकारी शाळा बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि अखेर २३ शाळा बंद झाल्या. घटलेली पटसंख्या हे त्याचे मोठे कारण होते. आपल्या गावाकडच्या मराठी शाळांची कहाणी याहून वेगळी नाही. आधी सरपंचाचा मुलगा इंग्रजी शाळेत गेला, मग मास्तरांचा, मग दुकानदाराचा. ज्यांचा आवाज शाळेच्या कारभारात चालत होता, ते सगळे गेल्यावर गळके छप्पर दुरुस्त करा असे म्हणायला मागे कोण राहिले?

महाराष्ट्रातलीच एक ताजी घटना इथे सांगण्यासारखी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवायच्या असतात, आणि अर्ज जास्त आले तर सोडत निघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर जवळच्या खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली. पालक न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आम्हाला हा कायदा एका कारणासाठी पटतो. त्यात निवडीची संधी, जिला ती एरवी मिळाली नसती अशा मुलीला मिळते, आणि शाळेला मुलगी निवडता येत नाही, चिठ्ठी निवडते. ऑस्ट्रेलियातही ज्या शाळा सरकारचे अनुदान घेतात, त्यांनी काही जागा विनाफी आणि सोडतीने भराव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राकडून शिकण्यासारखी एक गोष्ट इथे सांगता येते याचा अभिमानही वाटतो.

बालमित्रांनो, आता थोडे तुमच्यासाठी. समजा येराबी तळ्याजवळ तुम्ही क्रिकेटचे दोन संघ केले. एका कप्तानाला आधी सगळे खेळाडू निवडू दिले आणि उरलेले दुसऱ्याला दिले. पहिला संघ जिंकला. तर पहिला कप्तान जास्त हुशार ठरतो का? या कोड्याचे उत्तर घरी आईबाबांना मराठीतून समजावून सांगा. आणि एक लक्षात ठेवा. तुमची शाळा कुठली, यावरून तुम्ही किती हुशार हे ठरत नाही. वर्गात कुणी त्यावरून चिडवले तर त्यालाही हे कोडे घाला.

पालकांना आमची विनंती अशी.

पहिली गोष्ट, तक्ता करण्याआधी जवळच्या शाळेत स्वतः जाऊन या. मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा. वाचनात मागे पडलेले मूल तुमच्या किती लवकर लक्षात येते? लक्षात आल्यावर तुम्ही काय करता? आणि जे मूल पुढे आहे, त्याला काय देता? या तीन उत्तरांतून जे कळते ते गुणांच्या रकान्यात सापडत नाही.

दुसरी गोष्ट, शाळेच्या पालक संघटनेत जा. आपल्यातले किती जण तिथे जातात? आम्ही स्वतः पाच वर्षे गेलो नव्हतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सभेला सात माणसे होती आणि ग्रंथालयाला कोणती पुस्तके घ्यायची याचा निर्णय चालू होता. आम्ही बोललो, आणि आमचे ऐकले गेले. सॉसेज भाजण्याचा कार्यक्रम असेल तर आपल्यातले शाकाहारी कांदा परतू शकतात. त्याला कोणाची हरकत नसते!

तिसरी गोष्ट, ज्याला शाळा बदलायची खरी गरज आहे त्याला पाठिंबा द्या. एखाद्या मुलाला शाळेत त्रास होतो, एखाद्याला विशेष मदत लागते, एखाद्याच्या घरच्या श्रद्धेला ठराविक शाळा जवळची वाटते. अशा घरांसाठी निवडीची वाट मोकळी असलीच पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो न पाहता, न विचारता, 'सगळेच म्हणतात' म्हणून निघून जाण्याला.

चौथी गोष्ट आपल्या वर्गाची. मुलाच्या आठवड्यात मोकळे तास मोजकेच असतात. त्यातले दोन तास शिकवणीला दिले तर ते कुठून तरी काढावे लागतात, आणि बहुतेक घरांत ते मराठीतून निघतात, कारण मराठीचा निकाल कुठल्याही तक्त्यात लागत नाही. शिकवणीने परीक्षेचे गुण थोडे वाढतीलही. पण आजीशी फोनवर बोलताना अडखळणारे मूल चौदाव्या वर्षी पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करील, असे आम्हाला वाटत नाही. ही संधी जाते ती बहुधा जातेच. गेलेल्या तिन्ही मुलांची खुर्ची अजून रिकामी आहे. त्यांना परत यावेसे वाटले तर शिक्षिकाबाईंनी मागच्या धड्यांच्या प्रती जपून ठेवल्या आहेत.

आमच्या धाकट्याचे म्हणाल, तर त्याचे नाव आम्ही आमच्या भागातल्या सरकारी हायस्कुलात घालणार आहोत. हा निर्णय चुकणारच नाही याची हमी आम्ही देऊ शकत नाही. रात्री दोघे बोलताना अजूनही एखादा कोणी म्हणतो, "आपण त्याच्या बाबतीत कमी तर पडत नाही ना?" त्यावर आम्हाला एकच उत्तर सापडले आहे. फीचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे पुस्तकांना, आणि गाडीत जाणारे जे दोन तास वाचतील ते त्याच्याबरोबर आणि त्याच्या शाळेत घालवायचे. पाच वर्षांनी काय झाले ते याच अंकात प्रामाणिकपणे कळवू.

असो. लेख लांबला. आमची मते सर्वांना पटतील असे नाही. पुढच्या अंकात कुणी विरुद्ध बाजू मांडली तर आनंदच होईल. नाहीतर रविवारी व्हरांड्यात भेटूच, चहा आमच्याकडून.

कळावे, लोभ असावा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपले,
वरिष्ठ गटातील एका विद्यार्थ्याचे पालक, गुंगालिन